दहिवरातली पहाट आणि मोटरसायकल

पहाटे साडेचारला चांदोरीला महामार्गावर पेपरची गाडी थांबते. गठ्ठे उतरवायचे, मोजायचे, पुरवण्या आत सारायच्या, मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत भरायचे आणि गोदावरीचा पूल ओलांडून सायखेडा, भेंडाळी, करंजगाव, म्हाळसाकोरे अशी गावं करत उजाडायच्या सुमाराला परतायचं. सोळा हिवाळे मी हेच करतोय आणि गाडीही तीच आहे, २००९ची स्प्लेंडर. आमचा निफाड तालुका थंडीसाठी राज्यभर ओळखला जातो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा सहा-सात अंशांवर किंवा त्याच्याही खाली उतरला की दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट येते. ती चौकट घरोघर पोचवणारा माणूस त्या थंडीतूनच गाडी चालवत आलेला असतो. दूधवाले, भाजीवाले, पहिल्या पाळीचे कामगार, पहाटे बागेत पाणी धरायला निघालेले शेतकरी, सगळ्यांचं तेच. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

हिवाळ्यात गाडीवर काय लावायचं आणि काय नाही, हे मी एकाच कसोटीवर ठरवतो. त्याने माझी बोटं चालती राहतील का, आणि मला दिसेल व मी दिसेन का? उत्तर ‘हो’ असेल तर पैसे घालायचे. ‘नाही’ असेल तर वस्तू कितीही देखणी असली तरी दुकानातच राहू द्यायची.

बोटं

थंडी अंगाला लागते ती हवेपेक्षा वाऱ्याने. हवा ८ अंशांवर असताना तुम्ही ताशी ६० किलोमीटरने चाललात, तर उघड्या कातडीला ती साधारण २ अंशांसारखी झोंबते. ४० ने चाललात तर साधारण ३. वेग कमी केल्याने थंडी फारशी हटत नाही, वारा अडवावाच लागतो. आणि सगळ्यात आधी गारठतात हँडलवरची बोटं, म्हणजे ब्रेक आणि क्लच ज्यांच्या हातात आहेत तीच.

बाजारात हँडलला घालायचे रेक्झिनचे कव्हर मिळतात, आतून लोकरीसारखं अस्तर असलेले. चांगली वस्तू आहे, पण घेताना बघून घ्या. मी पहिल्यांदा घेतलेलं कव्हर इतकं घट्ट होतं, की त्याचं तोंड पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर दाबून बसायचं. चार दिवस पुढचा ब्रेक लाइनर घासत होता आणि मागचा लाल दिवा कायम पेटलेला होता. मागच्याला कळायचंच नाही मी ब्रेक मारतोय की नाही. तेव्हापासून माझी रीत ठरली आहे. कव्हर चढवलं की गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची. रेस पूर्ण पिळून सोडायची, ती आपोआप परत आली पाहिजे. हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवायचं, कव्हर टाकीला किंवा वायरींना अडता कामा नये. मग ब्रेक दाबून सोडायचा आणि मागचा दिवा विझतोय का ते बघायचं. शेवटी डोळे मिटून हात आत-बाहेर करायचे. हात एका झटक्यात आत गेला पाहिजे, बोटाला हॉर्न आणि डिपरचं बटण न शोधता सापडलं पाहिजे. यातलं एकही जमलं नाही तर ते कव्हर आपल्या गाडीचं नाही.

मी आता सीट कव्हर शिवणाऱ्या चाचांकडून शिवून घेतो. वरून रेक्झिन, आत जुन्या ब्लँकेटचा तुकडा. मापासाठी गाडी तिथेच उभी करायची आणि तोंड एक मूठ सैल ठेवायला सांगायचं. त्याच्या पुढे, लिव्हरच्या बाहेरून, ऑइलच्या पाच लिटरच्या रिकाम्या कॅनचा कापलेला अर्धगोल लावला आहे. आरशाच्या नटात एक पट्टी आणि हँडलच्या टोकाला दुसरी. वारा त्या प्लास्टिकवरच फुटतो. कडा मेणबत्तीवर शेकून गोल करून घ्या, पडलात तर धारदार कड मनगटात घुसते.

हातमोजे दोन थरांचे घाला. आत पातळ सुती, बाहेर वारा अडवणारे. एकच जाड लोकरीचा मोजा नको, लोकरीतून वारा आरपार जातो आणि लिव्हरवरची पकडही निसटते. आणि ही एक परीक्षा पाठ करून ठेवा: चालता चालता अंगठा करंगळीला टेकवून बघायचा. टेकत नसेल तर थांबायची वेळ झाली. थांबल्यावर बोटं इंजिनला किंवा सायलेन्सरला लावू नका. बधिर बोटाला चटका कळत नाही, फोड आल्यावर कळतो. हात काखेत दाबून धरा आणि दोन मिनिटं उड्या मारा. भेंडाळीच्या टपरीवरचा पोरगा मला थांबलेला बघितलं की न विचारता म्हणतो, “काका, आधी ग्लास धरा, मग प्या.” बरोबर सांगतो तो.

छाती आणि गुडघे

छातीसाठी माझ्याकडचा उपाय फुकटचा आहे. कालच्या न खपलेल्या पेपरची चार पानं, स्वेटरच्या वर आणि जर्किनच्या आत. वारा अडतो, घाम शोषला जातो आणि घरी आल्यावर टाकून देता येतं. मफलर असेल तर त्याची दोन्ही टोकं आत खोचलेली हवीत. लोंबतं टोक मागच्या चाकात किंवा चेनमध्ये गेलं तर गळा आवळला जातो. मागे बसणाऱ्या बायकांच्या पदराला, ओढणीला, शालीलाही हेच लागू. म्हणून पिशव्यांचं कॅरिअर बसवताना साडी गार्ड काढू देऊ नका. नियमाप्रमाणेही मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नसलेला भाग झाकलेला असावा लागतो. “काढून टाकू, पिशवी नीट बसेल” असं मला दोन दुकानांत सांगितलं गेलं. मी दोन्ही वेळा गाडी परत घेतली आणि गार्डच्या बाहेरून कॅरिअर वेल्ड करून घेतलं.

गुडघ्यांसाठी आमच्याकडचे दूधवाले लेग गार्डवर रेक्झिनचा पडदा बांधतात. छान उपयोग होतो, पण इंजिनचा विचार करून बांधा. आपल्या गाड्यांची इंजिनं हवेवर थंड होतात. सिलिंडरच्या पात्यांवर पोतं गुंडाळलं तर थंडीतही इंजिन तापणार. माझा पडदा दोन तुकड्यांत आहे, डावा आणि उजवा, मध्ये वीतभर मोकळी जागा. उंची गुडघ्यापर्यंतच, कारण त्याहून मोठा केला तर पुलावर आडवा वारा गाडीला ढकलतो.

पुढची काच लावायची असेल तर तिची वरची कड हनुवटीच्या रेषेत येईल अशी घ्या. काचेच्या वरून बघता आलं पाहिजे. काचेतून बघायची वेळ आली की दहिवर आणि समोरच्या गाडीचा झोत दोन्ही त्या काचेवर पसरतात आणि पुढे नुसता पांढरा पडदा उरतो.

डोळे

हेल्मेटवर मी जास्त बोलणार आहे, कारण थंडीत लोक हेल्मेटशी फार खेळतात. माकडटोपी घालून वर हेल्मेट चढवतात. जाड लोकरीमुळे हेल्मेट डोक्यावर बसत नाही, नुसतं टेकतं आणि पट्टाही लावता येत नाही. पडलं की पहिलं हेल्मेट निघून जातं. आत फक्त पातळ सुती टोपी किंवा डोकं-मान झाकणारा पातळ मुखवटा घाला आणि हेल्मेट मापाचं घ्या. आयएसआय शिक्का बघा. १ जून २०२१ पासून देशात बिगरशिक्क्याचं दुचाकी हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला टोपलीसारखी हेल्मेटं अजून दिसतात. पूर्ण तोंड झाकणारं घ्या. हनुवटी झाकली की निम्मी थंडी तिथेच संपते.

मग प्रश्न येतो काचेवरच्या वाफेचा. श्वास गरम, काच गार, त्यामुळे धुकं हेल्मेटच्या आतच तयार होतं. यावर तीन गोष्टी करतो. अंघोळीच्या साबणाची कोरडी वडी काचेला आतून हलकेच घासायची आणि मऊ कापडाने चकचकीत होईपर्यंत पुसायची. हे दोन-तीन दिवस टिकतं. दुसरं, नाकावर रुमाल बांधायचा तो वरून सैल नाही तर नाकाच्या हाडाशी घट्ट आणि खालून सैल, म्हणजे श्वास खाली जातो. तिसरं, काच एक खाच उघडी. ऐपत असेल तर काचेला आतून चिकटणारी दुसरी पातळ काच मिळते, पिनलॉक म्हणतात तिला. दोन काचांमध्ये हवेचा थर राहतो आणि वाफ धरत नाही. पण ती प्रत्येक हेल्मेटला बसत नाही, आधी काचेला त्यासाठीच्या दोन खुंट्या आहेत का ते बघा. काळी किंवा रंगीत काच पहाटे अजिबात नको. स्वस्त हेल्मेटची काच ओरखडली की प्रत्येक ओरखड्यात समोरचा दिवा फुटतो, म्हणून दरवर्षी दिवाळीत मी नवी काच टाकतो. काही रुपयांचं काम आहे.

दिवे

नांदूरमध्यमेश्वरच्या बाजूला गेलात की कळेल धुकं काय असतं. गोदावरी आणि कादवा तिथे मिळतात, बंधाऱ्याचं पाणी पसरलेलं आहे. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेलं राज्यातलं पहिलं ठिकाण ते. पक्षी बघायला लोक सकाळी उशिरा येतात, तोवर धुकं उठलेलं असतं. आम्ही जातो तेव्हा ते रस्त्यावर बसलेलं असतं. त्यात कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागायतदार बागेच्या कडेने शेकोट्या पेटवतात, वेलींना थंडी लागू नये म्हणून. धूर आणि धुकं एक होऊन रस्त्यावर येतात. अशा वेळी अप्पर, म्हणजे लांबचा झोत, मारला तर उजेड आपल्याच डोळ्यांवर परततो. डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावरच, राहायचं.

डिपर नीट लावलेला असेल तरच उपयोगाचा. गाडी सपाट जागी, भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. हेडलाइटच्या मधोमध जमिनीपासून किती उंची आहे ती भिंतीवर खडूने आखा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेषेच्या साधारण ५ सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. पण हे करताना गाडीवर तुम्ही बसलेले हवेत आणि रोजचं ओझंही लादलेलं हवं. हे मला उशिरा कळलं. माझ्या पिशव्यांत चाळीसेक किलो पेपर असतो. मागचे शॉकअप बसतात, नाक वर होतं आणि डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. कित्येक वर्षं समोरून येणारे मला झोत मारायचे आणि मला ते उद्धट वाटायचे. चूक माझ्या दिव्याची होती. मागच्या शॉकअपची खाच दोन घरं कडक केली, मग दिवा लावला.

फॉग लाइट मी एकच लावला आहे, १० वॅटचा, पिवळा, डाव्या लेग गार्डवर खाली. तो रस्त्याकडेची पांढरी पट्टी दाखवतो, धुक्यात मी त्या पट्टीच्या आधाराने चालतो. दोन लावा, चार लावा असं दुकानदार सांगेल. जुन्या लहान गाडीचं चार्जिंग तेवढं सोसत नाही. माझ्या गाडीचा हेडलाइटही रेस सोडली की पिवळा पडतो, इतकी तिची वीज मोजकी आहे. फॉग लाइटची वायर बॅटरीपासून स्वतंत्र घ्या, मध्ये फ्यूज घाला, बटण वेगळं ठेवा. हेडलाइटच्या वायरीला सोलून जोडू देऊ नका. ते एके दिवशी अंधारात दोन्ही दिवे घालवतं. गरम होणाऱ्या मुठींबद्दल पोरं विचारतात. त्यांना तीस-चाळीस वॅट लागतात. मोठ्या गाडीला ठीक, शंभर सीसीला बॅटरी बसेल.

आणि आता रेडियम. पाच वर्षांपूर्वी जानेवारीत म्हाळसाकोऱ्याच्या अलीकडे उसाची ट्रॉली रस्त्यातच उभी होती, टायर बसलेला. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, वर लोंबणारा ऊस. मी ३० च्या वेगात होतो म्हणून वाचलो. पुढचं चाक ट्रॉलीच्या खाली गेलं होतं आणि एक ऊस हेल्मेटच्या काचेवर येऊन थांबला. ड्रायव्हर बिचारा पुढे टॉमी शोधत होता, त्याला मी आलेलो कळलंही नाही. तेव्हापासून माझ्या पिशवीत लाल रेडियमच्या पट्टीचा रोल आणि एक फडकं असतं. टपरीवर उभी असलेली ट्रॉली दिसली की विचारतो, “दादा, लावू का?” आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. पत्रा आधी फडक्याने कोरडा पुसायचा, दहिवरावर पट्टी चिकटत नाही. दोन्ही कोपऱ्यांवर एक-एक वीत लावली की ट्रॉलीची रुंदी कळते. मधोमध लावली तर मागच्याला ती सायकल वाटते. स्वतःच्या गाडीला पिशव्यांच्या मागच्या बाजूला लाल, हेल्मेटच्या मागे पांढरी. पुढच्या बाजूला लाल काहीही लावू नका, समोरच्याला वाटतं गाडी पाठमोरी आहे.

गाडी

W म्हणजे विंटर. ऑइलच्या डब्यावरच्या 10W-30 मधला W तोच. पहिला आकडा जितका लहान तितकं ऑइल थंडीत लवकर वाहतं. माझ्या गाडीला कंपनीने 10W-30 सांगितलंय, पण गावाकडे “जाड टाका, इंजिन टिकतं” म्हणून 20W-50 ओततात. पहाटे ते काकवीसारखं होतं, किक जड जाते आणि वरच्या भागापर्यंत ऑइल पोचायला जास्त वेळ लागतो.

चालू करताना चावी बंद ठेवून दोन-तीन सावकाश किका मारा. मग चोक ओढून, रेस न देता, एक किक. अर्ध्या-एक मिनिटात चोक परत ढकला. चोक विसरून पाच किलोमीटर गेलात तर प्लग काळा होतो आणि पेट्रोल वाया जातं. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांना चोक नसतो, त्यांना चावी लावल्यावर दोन सेकंद द्या, मग सेल्फ. गाडी पडवीत किंवा बंद खोलीत चालू ठेवून तापवू नका, त्या धुराने माणूस झोपेतच जातो. बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली उतरायला लागली की थंडी यायच्या आत चार्ज करून घ्या.

टायरची हवा पहाटेच मोजा. दर पाच-सहा अंश उतरले की हवा साधारण १ पीएसआयने कमी होते. दुपारी २५ अंशांत भरलेली हवा पहाटे ८ अंशांत तीनने कमी निघते. माझ्याकडे पेनासारखा गेज आणि पायाचा पंप आहे. आकडा मॅन्युअलमधला घ्या, आणि ओझं असेल तर मागे बसणाऱ्यासह दिलेला आकडा. चेनला ऑइल घरी परतल्यावर, चेन गरम असताना द्या. चेन कव्हरचं रबरी बूच काढायचं, ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने सोडायचं, ढील साधारण २५ मिलिमीटर ठेवायची. रात्री गाडीवर प्लास्टिक नको, आत पाणी सुटतं. गोणपाट टाका. एअर फिल्टर मात्र नेहमीपेक्षा लवकर झटका, हंगामात उसाच्या गाड्यांनी उडवलेली धूळ सगळी त्यात जाते.

रस्ता

पहिले तीन किलोमीटर टायर थंड असतात, पकड कमी. पुलाच्या तोंडाशी आणि रंगवलेल्या पट्ट्यांवर दहिवर बसतं, तिथे गाडी सरळ ठेवून जा, वळताना ब्रेक नको. सांडलेला ऊस चिरडला की रस्ता बुळबुळीत होतो. बागांमधून ट्रॅक्टर बाहेर पडतात तिथे चिखल असतो, बांध संपला की वेग उतरवा.

धुक्यातला वेग मी विजेच्या खांबांवर ठरवतो. पुढचे तीन खांब दिसले तर ४०, दोन दिसले तर ३०, एकच दिसला तर २०, आणि एकही नाही तर बाजूला उतरून टपरीवर. ४० च्या वेगात सेकंदाला ११ मीटर जातात, दचकून ब्रेक दाबेपर्यंतच गाडी बैलगाडीएवढं अंतर खाऊन जाते. थांबायचं तर डांबराच्या पूर्ण खाली उतरून थांबा. पेपर अर्धा तास उशिरा पोचला तर गिऱ्हाईक बोलतं, मीही ऐकून घेतो.

होळी झाली की हँडलचे कव्हर काढतो. अस्तर बाहेर करून दोन दिवस उन्हात, मग कडुलिंबाचा पाला घालून पोत्यात. लेग गार्डचे पडदे काढतो, नटांना थोडं ग्रीस. मागच्या शॉकअपची खाच तशीच राहते, ओझं बारमाही आहे. रेडियमचा रोल पिशवीतून काढत नाही, उसाचा हंगाम संपला तरी कांद्याच्या ट्रॉल्या लासलगावला चाललेल्याच असतात.